बट्टा : नाण्याची किंमत नेमकं कोण ठरवतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त थोडी झाडझूड केली आहे.

सुरुवात एका प्रश्नाने करू. दहा रुपयांचं नाणं तुमच्याकडून कोणी नाकारलं आहे का? 'हे चालत नाही', 'यावर रुपयाची खूण नाही, खोटं आहे', 'आमच्याकडे घेत नाहीत'? ही अफवा इतकी पसरली होती की जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं : दहाच्या नाण्याच्या १४ वेगवेगळ्या रचना आहेत आणि सगळ्या चालतात. रुपयाची ती खूण मुळात २०१० साली ठरली आणि नाण्यांवर २०११ पासून आली. त्यामुळे त्याआधीच्या नाण्यांवर ती असणार तरी कशी?

पण आता विचार करा. नाणं सरकारने पाडलेलं, कायदा सांगतो ते चालतं, तरी दुकानदार 'नाही' म्हणाला की तुमच्या हातातले दहा रुपये त्या क्षणापुरते शून्य होतात. म्हणजे नाण्याची किंमत धातूत असते, राजाच्या शिक्क्यात असते, की समोरच्याच्या 'हो' मध्ये असते?

आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न : या तिघांचं जमलं नाही, की फरक कोणाच्या खिशातून जातो?

या फरकाला आपल्याकडे जुना शब्द आहे : बट्टा. नाणं जुनं आहे, झिजलंय, दुसऱ्या गावच्या टांकसाळीचं आहे म्हणून सराफ जे पैसे कापून घ्यायचा, तो बट्टा. 'नावाला बट्टा लागला' म्हणतो ना आपण? शब्द तोच. आज त्याच बट्ट्याचा इतिहास बघू.

नाशिकची मुदत ठेव

सुमारे १,९०० वर्षं मागे जाऊ. नाशिकची पांडवलेणी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. हायवेवरून जाताना डोंगरात दिसतात तीच. तिथल्या १० क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात, त्याने दिलेल्या दानाचा.

तुम्हाला वाटेल दान म्हणजे गाई, जमीन, सोनं. तेही आहे. पण त्यात एक फार वेगळी गोष्ट आहे. त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने. १,००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. अट अशी की मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं.

आता हिशोब करा. २,००० वर महिना १ टक्का म्हणजे २०. वर्षाचे २४०. आणि शिलालेख सांगतो की लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्खूंना कपड्यासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत. २० गुणिले १२, बरोबर २४०! दगडात कोरलेला हिशोब आजही तंतोतंत जुळतो. त्याच लेखात सोन्याच्या नाण्याचा भावसुद्धा आहे : ३५ कार्षापणांना १ सुवर्ण.

म्हणजे बघा, नाणं आता फक्त बाजारात देण्याघेण्याची वस्तू राहिलेलं नाही. विणकर त्यावर धंदा करतायत, भिक्खूंचे कपडे त्यातून येतायत, आणि दान देणाऱ्याला खात्री आहे की पुढची कितीतरी वर्षं हे नाणं चालेल. नाण्यावरचा विश्वास म्हणतात तो हा.

आणि मग राजाच बदलला.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. आता बाजारात नहपानाच्या चेहऱ्याची हजारो चांदीची नाणी फिरतायत. ती रद्द करायची? मग विणकरांच्या श्रेणीचं काय, व्यापाऱ्यांचं काय? गौतमीपुत्राने काय केलं, ते आपल्याला १९०६ साली कळलं. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३,००० हून अधिक नाणी. सगळी नहपानाची. पण त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या चेहऱ्यावरच डोंगराची आणि उज्जैनी चिन्हाची खूण!

ज्याच्याकडे नाणं होतं त्याची चांदी तशीच राहिली, फक्त शिक्का बदलला. त्याच वेळी सगळ्यांना कळलं की आता राज्य कोणाचं. वर्तमानपत्र नाही, टीव्ही नाही, पण ही बातमी प्रत्येकाच्या कनवटीला पोचली.

सुलतानाचा प्रयोग

यानंतर बरीच शतकं ओलांडून १३२९ च्या आसपास येऊ. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक. दोन वर्षांपूर्वीच त्याने देवगिरीला दौलताबाद नाव देऊन तिथे राजधानी हलवायचा घाट घातला होता. आता त्याने दुसरा प्रयोग केला : तांब्या-पितळेची नाणी काढली आणि फर्मावलं की ही चांदीच्या टंक्याइतकीच समजा.

कल्पना म्हणून वेडगळ नव्हती बरं का. आपल्या खिशातली नोट तरी काय आहे? कागदच ना? चीनमध्ये कागदी चलन तेव्हा चालू होतं. पण चीनमध्ये कागदाची नक्कल होऊ नये म्हणून कडक व्यवस्था होती. इथे तांबं घरात, ठोकायला सोनार गावात. मग काय व्हायचं? इतिहासकार बरनी लिहितो त्याचा मथितार्थ असा की घरोघरी टांकसाळी झाल्या. लोक सारा तांब्यात भरू लागले आणि चांदी घरात पुरून ठेवू लागले.

शेवटी सुलतानाने माघार घेतली. तांब्याची नाणी आणा, चांदीची न्या, असं जाहीर केलं. खजिन्यासमोर तांब्याचे ढीग लागले. आपल्या गोष्टीतली ही दुर्मीळ जागा आहे, कारण इथे बट्टा राजाने भरला. नाहीतर तो खालच्याच माणसाला भरावा लागतो.

होन, शिवराई आणि एक स्पष्ट उत्तर

आता रायगड. ६ जून १६७४. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक. या निमित्ताने दोन नाणी आली : सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. देवनागरीत. आजूबाजूला मुघल, आदिलशाही, कुतुबशाही, सगळीकडे फारसी अक्षरांची नाणी असताना हे किती ठळक उठून दिसलं असेल, विचार करा.

होनाचे फोटो तुम्ही इन्स्टाग्रामवर पाहिले असतील. होन दुर्मीळ, त्यामुळे त्याचं कौतुक जास्त. पण समाजाच्या दृष्टीने खरी कामाची होती ती शिवराई. आठवडी बाजारात मीठ-मिरची घेणाऱ्या बाईच्या हातात होन कधी येणार? तिच्या हातात तांबं. शिवराई इतकी रुजली की महाराजांनंतर, पेशवाईतही तिच्या आवृत्त्या पाडल्या जात राहिल्या. पेशवाईत दोन आडव्या रेघांची 'दुदांडी शिवराई' आली. आणि राज्य गेल्यावरही, इंग्रजी अमलात, १९ व्या शतकात ती दख्खनच्या बाजारात फिरत होती. राज्य संपलं, नाणं चालूच. कारण लोकांनी 'हो' म्हणणं थांबवलं नाही.

पण राज्याभिषेकाच्या वेळचा एक प्रसंग मला जास्त मोलाचा वाटतो. मुंबईहून हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील तहासाठी रायगडावर आला होता. इंग्रजांच्या मागण्यांमध्ये एक मागणी होती : आमची नाणी तुमच्या राज्यात चालावीत. इंग्रजांच्या कागदपत्रांत महाराजांचं उत्तर नोंदलेलं आहे. त्याचा सारांश असा : ज्या नाण्यात माझ्या रयतेचं नुकसान होईल ते घ्यायची सक्ती मी करणार नाही. पण तुमचं नाणं कसाला आणि वजनाला मुघल किंवा इतर राजांच्या नाण्याइतकं उतरलं, तर मी त्याला मनाईही करणार नाही.

बघा, दोन वाक्यांत अख्खं चलनशास्त्र आहे! नाणं कोणाचं आहे याला महत्त्व नाही. तोटा कोणाचा होणार, हा प्रश्न आधी.

शंभर रुपये, शंभर भाव

पेशवाईत चित्र गुंतागुंतीचं झालं. रुपया हे नाणं मूळचं शेरशहा सूरीचं, १५४० च्या दशकातलं. साधारण साडेअकरा ग्रॅम चांदी. मुघलांनी ते देशभर नेलं. पुढे मुघल सत्ता खिळखिळी झाली, पण रुपयाचा दबदबा तसाच राहिला. म्हणून गंमत अशी की मराठ्यांच्या टांकसाळीतल्या रुपयांवरही नाव दिल्लीच्या बादशहाचं असायचं. इतकंच काय, बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनी स्वतःचे रुपये शाह आलम बादशहाच्या नावाने पाडत होती. तलवार एकाची, खजिना दुसऱ्याचा, नाव तिसऱ्याचं. कारण लोकांना ओळखीचं नाव हवं होतं.

पण रुपया एकच नव्हता. अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, मल्हारशाही रुपया. प्रत्येकात चांदी थोडी कमी-जास्त. टांकसाळी चालवायचे परवाने दिले जायचे आणि सरकारची नजर हटली की कस घसरायचा. मग तुमच्या हातातला रुपया नेमका किती रुपयांचा, हे सांगणार कोण? सराफ. आणि गावात? पोतदार. पोतदार आडनावाचे मित्र असतील तुमचे, त्यांना सांगा : नाणी पारखणं हे पोतदाराचं काम. अनेक गावांत ते काम सोनाराकडेच असायचं.

यात पोतदार-सराफांना खलनायक करायचं कारण नाही. त्यांच्याशिवाय बाजार चाललाच नसता. पण साखळी बघा. शेतकऱ्याने धान्य विकलं, हातात आला एका जातीचा रुपया. सरकार साऱ्यात मागतंय दुसऱ्या जातीचा. बदलून घ्यायचा तर बट्टा. तांब्याचे पैसे चांदीत करायचे, पुन्हा बट्टा. ज्याच्याकडे माहिती आहे, वेळ आहे, तराजू आहे, त्याचं कधीच बुडत नाही. ज्याला उद्याच सारा भरायचाय, तो मिळेल त्या भावाला 'हो' म्हणतो.

एक देश, एक रुपया... आणि मग?

१८३५ मध्ये कंपनी सरकारने कायदा करून हा गोंधळ संपवायला घेतला. मुंबई, मद्रास, बंगाल, सगळीकडे एकच रुपया. वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. बादशहाचं नाव गेलं, विल्यम चौथा याचा चेहरा आला. १ रुपया म्हणजे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. 'सोळा आणे खरं', 'पै पै जोडली', 'बंदा रुपया' या सगळ्या बोलण्यामागे हेच गणित आहे.

मग बट्टा संपला का? सराफाच्या दुकानातला कमी होत गेला. पण तो वेगळ्या दाराने घरात आला.

पूर्वी गावगाड्यात बरेच व्यवहार धान्यातच व्हायचे. सुताराला, लोहाराला, कुंभाराला बलुतं मिळायचं ते सुगीत. आता रयतवारीत सारा ठरलेला, रोख आणि ठरल्या तारखेला. पीक आलं काय, बुडालं काय, चांदीचा रुपया हजर करा. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज मात्र तसंच राहिलं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकरी सावकारांवर चालून गेले. हेच ते दख्खनचे दंगे. दंगेखोरांना मुख्यतः काय हवं होतं? कर्जाचे रोखे आणि हिशोबाच्या वह्या. त्या जाळायच्या होत्या. पुढे १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

एवढ्यावर थांबलं नाही. १८७० नंतर जर्मनीसारखे देश सोन्याच्या चलनाकडे वळले, जगात चांदीचा भाव घसरत गेला आणि त्याबरोबर चांदीचा रुपयाही. भारत सरकारला लंडनमध्ये पेन्शनी, व्याज वगैरे पौंडात द्यावं लागायचं, त्यामुळे ते अडचणीत आलं. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी बंद केल्या. म्हणजे रुपये पाडणं बंद नाही. लोकांनी चांदी आणून द्यायची आणि तिचे रुपये पाडून घ्यायचे, ही सोय बंद.

ऐकायला हा बँकेतला तांत्रिक बदल वाटतो. पण घरात काय झालं ते बघा. खेड्यातल्या बाईचं बचत खातं म्हणजे तिच्या हातातली गोठ-पाटली, पायातले वाळे. चांदीचे. १८९३ पर्यंत तोळाभर चांदी म्हणजे जवळजवळ एक रुपया, हे नातं टांकसाळीने धरून ठेवलं होतं. आता ते तुटलं. रुपया सरकारने वर धरला, चांदी बाजारात खाली घसरत राहिली. पुढच्या काही वर्षांतच, १८९६ ला आणि पुन्हा १८९९ ला, मोठे दुष्काळ पडले. दागिने मोडायची वेळ आली तेव्हा तीच चांदी कमी रुपये देऊ लागली. सारा मात्र रुपयातच भरायचा होता. ना सराफाने फसवलं, ना कोणी चोरी केली. हजारो मैलांवर झालेल्या एका निर्णयाचा बट्टा तिच्या पायातल्या वाळ्याला लागला.

या रुपयाचा सगळ्यात खोल अभ्यास ज्यांनी केला त्यांचं नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण या विषयात क्वचित घेतलं जातं : डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पौंडाशी रुपयाचा दर स्थिर आहे का, एवढंच बघून चालणार नाही, देशात त्या रुपयाला काय मिळतं ते स्थिर आहे का हे बघा, असा त्यांचा रोख होता. कारण भाव चढले की मजुरी मागे राहते आणि झळ मजुराला बसते. चलन हातात असलेल्यांना मोकळं रान देऊ नका, हा इशारा त्यात होता. पुढे रॉयल कमिशनसमोरही त्यांनी साक्ष दिली.

नवे पैसे

दुसऱ्या महायुद्धात चांदी परवडेना. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, १९४७ पर्यंत तर निकेलचा रुपया आला. तांबं वाचवायला १९४३ मध्ये मधे भोक असलेला पैसा निघाला. आजी-आजोबांच्या डब्यात शोधा, भोकाचा पैसा सापडेलही!

१ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. रुपयाचे १०० 'नवे पैसे'. शाळेतल्या मुलांची पावकी-निमकीतून सुटका झाली. पण बट्टा इथेही डोकावलाच. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. आता पाव पैसा देणार कसा? सरकारी तक्त्यात एक आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९. अर्धा पैसा इकडे, पाव पैसा तिकडे. १९६४ मध्ये 'नवे' शब्द गेला, नुसता पैसा राहिला. आणि ३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याखालची नाणी कायद्यानेच चलनातून गेली. चार आणे संपले, 'चार आण्याची अक्कल' मात्र अजून शिल्लक आहे.

५० पैशांचं नाणं आजही कायदेशीर आहे, माहितीये? २०११ च्या कायद्यानुसार १० रुपयांपर्यंतची रक्कम ५० पैशांच्या नाण्यांत देता येते. बघा देऊन, घेतायत का!

आणि आता आपण

तुम्ही म्हणाल, आम्ही नाणी वापरतोच कुठे? २०१६ मध्ये यूपीआय आलं, आता चहासुद्धा स्कॅन करून. सुट्ट्या पैशांऐवजी हातात टेकवलेलं चॉकलेट, तोही एक बट्टाच होता, तो यामुळे गेला. १७ रुपये म्हणजे नेमके १७ रुपये. हे चांगलंच आहे.

पण इतिहास एक सवय लावतो. व्यवस्था बदलली की विचारायचं : फरक कोण भरतंय? ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही अशी आजी, रोज रोखीत मजुरी घेणारा माणूस, रेंज नसलेल्या वाडीतला दुकानदार. त्यांच्या हातातलं नाणं आपण 'कोण बाळगतो आता चिल्लर' म्हणून नाकारतो, तेव्हा सराफाच्या गादीवर नकळत आपणच बसलेले असतो.

म्हणून एक छोटं काम देतो. घरातली नाणी काढा आणि वर्षाच्या आकड्याखाली बघा. हिऱ्यासारखी खूण असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. गौतमीपुत्राने डोंगराची खूण मारली होती, तिचंच हे आजचं भावंड. मग ती नाणी डब्यात परत टाकू नका. खर्च करा, फिरू द्या. आणि कोणी तुम्हाला दहाचं नाणं दिलं, तर मुकाट्याने घ्या!

कोणत्या खुणेचं नाणं सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या.